गोजराबाईचं रिंगण

फार वर्षांपूर्वी, डोंगराला अजून गाडीवाट ठाऊक नव्हती तेव्हाची ही गोष्ट. करंजघळ नावाचं गाव होतं. अजूनही आहे. वर डोंगराच्या पोटात बारमाही झरा होता, पण त्याचं पाणी गावाकडे पाठ फिरवून पलीकडच्या दरीत उड्या घ्यायचं. गावच्या बायका हंडे घेऊन त्या दरीत उतरायच्या. वाट अशी उभी, की दर उन्हाळ्यात एखादीला गिळायची. एका चैत्रात तिनं म्हाळसाबाईची लग्नाला आलेली लेक गिळली.

म्हाळसाबाईची सून होती गोजरा. नणंद-भावजय असूनही दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं. नणंद गेली आणि गोजराच्या डोक्यात एकच घोळू लागलं: हे पाणी गावाकडे वळवायचं. कसं, ते मात्र सुचेना. सुचायला निवांतपणा लागतो, आणि भरल्या घरातल्या सुनेला तो कुठला मिळायला? विचार जरा आकाराला येतोय तोच हाक यायची. "गोजरे, चूल इझली बघ." "गोजरे, वासरू सुटलं." हाक आली की विचार पळाला. म्हाळसाबाईचा आवाज तर असा खणखणीत, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं चरता चरता माना वर करायची, असं म्हणतात.

मग गोजरानं एक केलं. गावामागच्या माळावर, उंबराखाली, ओढ्यातले गोटे आणून रिंगण घातलं. एकीची मांडी आणि समोर हातभर जागा, एवढंच. घरी येऊन सासूला म्हणाली, "आत्याबाई, तिथं बसले की मी कुनाची न्हाई. हाक आली तरी ओ देनार न्हाई."

"आन घर?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"घरासाठीच बसतीया."

रिंगणात तिनं चिखलाचा डोंगर केला, हुबेहूब आपल्या डोंगरासारखा. करवंटीनं वरून पाणी सोडायचं, ते कुठं पळतं ते बघायचं, बोटानं माती सारायची, पुन्हा सोडायचं. पाणी दर वेळी दरीतच जायचं.

आता हाकेला ओ न देणारी सून करंजघळानं तोवर पाहिली नव्हती. ओ देत नाही म्हणजे बाईच्या अंगात वारं आलंय, असं गावानं ठरवून टाकलं. कुणी गोट्यांना शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला. हरवलेली म्हैस कुठं आहे, धाकटीची कूस कधी उजवेल, विचारायला माणसांची रीघ लागली. जिथं गोजराला एकटं बसायचं होतं तिथं जत्रा भरली. एखाद्याचा देव करणं हा आपल्या लोकांच्या हातचा मळ. त्याला गप्प बसू देणं मात्र जिवावर येतं.

आणि एका अवसेला त्या गर्दीत चिखलाचा डोंगर पायदळी गेला. गोजरा उठली आणि पदरानं गोट्यांवरचा शेंदूर पुसायला लागली. लोक घाबरून मागे सरले. ती रडत होती.

"हितं द्येव न्हाई," ती म्हणाली. "मला इचार करू द्या, येवढंच. न्हाईतर पुढल्या चैतात कुनाची लेक जानार, ते तुमच्या द्येवालाच इचारा."

म्हाळसाबाई गर्दीतच होती. तिनं पदर खोचला, रिंगणाकडे पाठ करून उभी राहिली आणि गावाला म्हणाली, "आजपास्नं माझ्या सुनंला कुनी हाक मारायची न्हाई. म्या बी न्हाई." त्यानंतर तिनं जन्मात कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं जीभ आवरली. बैलांच्या घुंगरांत कापूस कोंबला, जाती थांबली. मग ती शांतता माणसांच्याही पलीकडे गेली. कोंबडा मान ताणून आरवायला गेला आणि तसाच राहिला. तान्ही पोरं टक्क डोळ्यांनी गप्प पडून राहिली. वारा उंबरापाशी आला आणि पान न हलवता वळसा घालून गेला. शेवटी दरीत कोसळणारं पाणीसुद्धा आवाज न करता पडू लागलं, असं म्हणतात. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं करंजघळच्या म्हाताऱ्यांसमोर हसून दाखवावं.

गोजरानं डोंगर पुन्हा रचला. आजवर ती माती सारून पाण्याला अडवत होती. त्या दिवशी तिनं बोट डोंगराच्या कमरेवर ठेवलं आणि अगदी थोड्या उतारानं पुढे पुढे नेलं. पाण्याची बारीक रेघ दरीच्या तोंडाशी आली, थबकली, आणि तिच्या बोटामागून चालू लागली.

ती तशीच उठली. कुदळ घेऊन झऱ्यापाशी चढली आणि खऱ्या डोंगराच्या कमरेवर रेघ ओढत निघाली. एकदाही मागे वळली नाही. मागून सगळं गाव खणत आलं. आडव्या आलेल्या कातळाला तिचा हात लागला की तो भिजल्या मातीसारखा सुटायचा, असं म्हणतात. पाणी गावात शिरलं तेव्हा म्हाळसाबाईनं पहिला हंडा भरला, लेकीचं नाव घेतलं आणि हंड्याला मिठी मारून रडली.

गोजरा पुढे पुष्कळ जगली. म्हातारपणीही रोज रिंगणात बसायची. एका दुपारी बसली, ती सांजेला उठली नाही. तिची सून दिवा घेऊन आली. हाक अगदी ओठांवर आली होती, ती तिनं गिळली, दिवा बाहेर ठेवला आणि परतली. सकाळी रिंगणात कुणीच नव्हतं. कुणी हाक मारली नाही, म्हणून गोजराबाईचा विचार अजून चालूच आहे, असं म्हणतात.

करंजघळात आजही नवी सून आली की सासू तिला आधी ओढ्यावर नेते. सून आपल्या पसंतीचे गोटे उचलते आणि परसात, गोठ्यामागे, मळ्यात, जिथं तिचं मन बसेल तिथं रिंगण घालते. त्याला कुणी कुंकू लावत नाही. सासू फक्त एवढंच म्हणते, "बस बाई. घराचं मी बघते." मग ती माघारी जाते, आणि दुसऱ्या कुणाची हाक त्या बाजूला जाऊ नये म्हणून ओसरीवर राखणीला बसते.