हौसाचा रिकामा दिवस

ज्या दिवशी माणसाला काहीच सुचत नाही, त्या दिवशी त्याचं सुचणं जातं कुठे?

एका राज्यात राणू नावाचा तरणा गडी होता. त्याने हा प्रश्न पुजाऱ्याला विचारला, कुंभाराला विचारला, राजवाड्याच्या पहारेकऱ्यालाही विचारला. पुजारी म्हणाला, तुला दुसरा उद्योग नाही का. कुंभार हसला. पहारेकऱ्याने भाला दाखवला. 

प्रश्न पडला होता बहिणीमुळे. हौसा राणूची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती राजवाड्याच्या भिंतींवर चित्रं काढत असे. हत्ती काढला की प्रधान म्हणे, सोंड जरा लांब हवी. सोंड लांब केली की राणीसाहेब म्हणत, हा हत्ती की अजगर. एकदा तिने खपून खपून मोर काढला, आणि येणारेजाणारे सगळे मोराभोवतीची वेलबुट्टी वाखाणून गेले. हौसा घरी येऊन ते सांगताना हसली आणि न जेवता झोपली. पण कधी एखादी रेघ अशी उतरे, की ती गल्लीच्या टोकापासूनच राणूला हाका मारत येई.

आणि काही दिवस नुसते रिकामे असत. काही म्हणता काही सुचत नसे. मग हौसा ओसरीवर बसे. चुलीवरची डाळ विसरे. डाळ करपे, ती राणूवर ओरडे, आणि दोघं नदीवर जात. राणूला ते दिवस फार आवडत. हौसाला आवडत नसत.

अशाच एका रिकाम्या दिवशी परमुलखाचा दूत दरबारात आला. नवी भिंत कोरी होती. तुमच्याकडे चितारी नाही वाटतं, असं तो सहज म्हणाला. राजा धरणीधराची मान खाली गेली. त्याने हौसाला बोलावणं धाडलं.

"चित्र कधी होईल?"

"सुचलं की, महाराज."

"आणि सुचेल कधी?"

"ते मलाही ठाऊक नाही, महाराज."

तेव्हा राजाने डोंगरातल्या उग्रदंत मांत्रिकाला आणवलं. मांत्रिक म्हणाला, हिचे रिकामे दिवस मी काढून नेतो, मग ही रोज चित्र काढील. राजा हो म्हणाला. हौसाला विचारलं, तर तीही हो म्हणाली. त्या दिवसांनी तिला फार छळलं होतं.

दुसऱ्या सकाळपासून हौसाचा हात थांबेना. घोडे उतरले, रथ उतरले, तिने कधी न पाहिलेला समुद्र उतरला. एकही चित्र बिघडलं नाही. राजा खूश झाला. पण जेवताना तिचं बोट भाकरीवर रेघा ओढी, झोपेत वाकळेवर ओढी. ती वाळत चालली. राणूने कुंचले लपवले, तर ती बोटाने काढू लागली. त्याने रंगाच्या वाट्या उचलून विहिरीत फेकल्या. विहिरीच्या पाण्यावर कमळं उमटली, आणि राजाने नव्या वाट्या पाठवल्या.

"अक्का, थांब ना."

"थांबता येत नाही रे राण्या."

घराच्या मागल्या भिंतीवर एक पोपट होता. हौसाने फार पूर्वी एका वाईट दिवशी काढलेला. चोच बदकासारखी, एक पाय जाड. ती तो पुसणार होती, ते राहून गेलं. राणू त्या भिंतीशी रडत बसला, तेव्हा पोपट म्हणाला,

"रडणं आटोप. वेळ थोडा आहे."

राणूने विचारलं, तू बोलतोस कसा. पोपट म्हणाला, चांगली चित्रं लोक बघतात, त्यामुळे त्यांना बोलावं लागत नाही. मग त्याने सांगितलं की राजवाड्याची एकच भिंत उरली आहे. ती भरली की हौसा तिच्यात ओढली जाईल आणि चित्र होऊन राहील. तिचा रिकामा दिवस तिला परत मिळाला, तरच हात थांबेल.

राणूने पुढचं ऐकलंच नाही. शिदोरी बांधली आणि निघाला. पोपट भिंतीतून सुटला आणि तिरका तिरका उडत त्याच्या मागे गेला, कारण राणू उलट्या दिशेला चालला होता.

डोंगराच्या पायथ्याशी काळी नदी आडवी आली. नदी म्हणाली, "स्वतःच्या हाताने केलेलं काही मला दे. मग वाट देईन."

राणूने जन्मात काही घडवलं नव्हतं. त्याने शिदोरी सोडली. हौसाला उसंत नसे, म्हणून भाकऱ्या त्यानेच थापल्या होत्या. एक कच्ची, एक जळकी. त्याने दोन्ही पाण्यात टाकल्या. नदीने त्या चाखल्या.

"मीठ विसरलास," ती म्हणाली, आणि दुभंगली.

पलीकडे एक दार होतं आणि दारापुढे राक्षस बसला होता. दारावरचं कोरीवकाम त्याचंच. तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, माझं दार कसं आहे. जे वाहवा करत, ते लाकडाच्या बाहुल्या होऊन दाराला चिकटत. दाराला जागोजाग बाहुल्या चिकटल्या होत्या. खरं उत्तर काय ते पोपटालाही माहीत नव्हतं. तो राणूला म्हणाला, विचार करून बोल. तोवर राणू बोलूनही गेला होता.

"डावी बाजू झकास आहे. उजवीकडे तुला कंटाळा आलेला दिसतो."

राक्षस उठला. उजव्या बाजूवरून त्याने बोटं फिरवली.

"खरं आहे," तो म्हणाला. "पटाशी बोथट झाली होती. मी तसंच रेटलं."

त्याने दार उघडलं आणि पटाशीला धार लावत बसला. बाहुल्या उतरून, पुन्हा माणसं होऊन, आपापल्या वाटेने गेल्या.

आत गुहा होती. गुहेत मडक्यांच्या रांगा होत्या, प्रत्येकाचं तोंड फडक्याने बांधलेलं. त्यांत राज्यातल्या कारागिरांचे रिकामे दिवस कोंडले होते. विणकरांचे, गवयांचे, सोनारांचे. मधोमध उग्रदंत बसला होता. तोंड विशीतल्या पोराचं, आवाज म्हाताऱ्याचा.

राणूने त्याला विचारलं की हे दिवस तुला कशाला लागतात.

"जगायला. माझे स्वतःचे केव्हाच संपले."

"माझ्या बहिणीचे परत दे."

"एकच उरला आहे," उग्रदंत म्हणाला. "बाकीचे मी जगलो."

"तोच दे," राणू म्हणाला.  मग मांत्रिकाने नियम सांगितला. मडकं ओळखलं तर न्यावं. चुकलं तर राणूचे सगळे दिवस मांत्रिकाचे.

राणू एकेका मडक्याला कान लावत गेला. एकात कोणी जांभया देत होतं. एकात कोणी उगाच वीणा पुसत होतं. एकात एक सोनार बायकोशी बिनकामाचं भांडत होता. पार कोपऱ्यातल्या मडक्यापाशी त्याला करपलेल्या डाळीचा वास आला.

"हे," तो म्हणाला.

मांत्रिकाने मान डोलावली. राणूने मडकं काखोटीला मारलं. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, त्याने मांत्रिकाचीच काठी उचलली आणि उरलेली मडकी फोडत सुटला.

"हे ठरलं नव्हतं," उग्रदंत म्हणाला.

"नव्हतं," राणू म्हणाला, आणि आणखी एक फोडलं.

दिवस चिमण्यांसारखे भुर्रकन उडाले आणि आपापल्या घरी गेले. उग्रदंताचे केस पिकले, तोंडाचं बोळकं झालं, आणि थोड्याच वेळात आसनावर मूठभर राख उरली. त्याच घटकेला राज्यातले कितीतरी माग थांबले, आणि विणकर बाहेर येऊन आभाळाकडे बघत बसले.

राणू पळत राजवाड्यात शिरला. शेवटच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा उरली होती. हौसाचा हात मनगटापर्यंत भिंतीत गेला होता. राजा तिचा दुसरा हात धरून मागे ओढत होता, आणि त्याच्याने ती हलत नव्हती. राणूने फडकं सोडलं आणि मडकं तिच्या डोक्यावर उपडं केलं. त्यातून दिसण्यासारखं काहीच पडलं नाही. पण हात भिंतीतून निघाला. कुंचला खाली पडला.

"आज काही सुचत नाही," हौसा म्हणाली, आणि हसली.

प्रधानाने आठवण दिली की जागा कोरी राहिली. राजा म्हणाला, राहू दे. त्या दिवसापासून त्या राज्यात कारागिराला कधी सुचेल असं कोणी विचारत नाही. कोणाचं काम उतरतं, कोणाचं बिघडतं, आणि बिघडलेलं पुसून लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात. पोपट आपल्या भिंतीवर परत गेला, थोडा वरच्या बाजूला.

राणूने हौसाला पाठीवर घेतलं. ती गवताच्या पेंढीएवढी हलकी झाली होती. घरी येऊन त्याने तिला ओसरीवर बसवलं. ती रस्त्याकडे बघत राहिली. शेजारणीची म्हैस गेली, तिच्याकडेही बघितलं. मग म्हणाली, दिवस किती उरला.

"पुष्कळ," राणू म्हणाला. ऊन तेव्हा अंगणाच्या कडेला पोचलं होतं.

ती म्हणाली, केसांत रंग वाळलाय, ओढ बसते. राणूने पाणी तापवलं, तेल आणलं, फणी शोधली. त्याने आजवर कोणाचे केस विंचरले नव्हते. निळा निघाला, हिरवा निघाला, गेरू तर निघता निघेना. ती मधून मधून हळू म्हणायची. मग त्याने वेणी घातली. हौसाने हात मागे नेऊन चाचपली.

"वाकडी झाली रे."

त्याने विचारलं, सोडून परत घालू का.  तिचं डोकं त्याच्या गुडघ्यावर कलंडलं होतं, आणि झोपेने जड झालं होतं.

राणूने वेणी सोडली, केस पुन्हा विंचरले, आणि सरळ घातली.