चवळी पेरायची कधी?

डोंगरापल्याडच्या रानात प्राणी शेती करायचे, त्या काळची ही गोष्ट. पळस फुलला की चवळी पेरायची, असा तिथला रिवाज होता. एका वर्षी माघातच ऊन तापलं, पळस अवेळी फुलला आणि साळिंदरआबांनी हुकूम सोडला, "पेरा!"

झिपरी खारीने मातीत पंजा खुपसला. वर ऊब होती, पण खाली माती गारठलेली होती.

"आबा, दाणे कुजतील. थांबू या."

"कालची पोर तू! पळसाला खोटं पाडतेस?"

"चवळी फांदीवर पेरायचीय की मातीत, आबा?"

सगळे फिदीफिदी हसले आणि पेरायला लागले. झिपरीने मात्र आपल्या वाटणीचे दाणे ढोलीत जपून ठेवले. मग आभाळ फिरलं. गार पावसाने शेतं चिंब झाली आणि पेरलेला दाणा न् दाणा कुजला. रानात बियाणं उरलं ते फक्त झिपरीच्या ढोलीत.

"दे इकडे, आजच पेरू," आबा घाईने म्हणाले.

"माती अजून गार आहे. नाही मिळणार."

रोज सकाळी ती मातीत पंजा घालायची आणि मान हलवायची. एका सकाळी खालची मातीही उबदार लागली, तेव्हाच तिने पेरलं. चवळी तरारून वर आली.

"पुढच्या वर्षी कधी पेरायचं, ते तूच सांग," आबा म्हणाले.

"मी नाही सांगणार," झिपरीने शेपटी ताठ केली. "पंजे तुम्हालाही आहेत."

आबांचे काटे फुलले. मग सगळ्यांदेखत ते वाकले आणि ऊब पाहायला त्यांनी मातीत पंजा घातला.