इंजिनाला बांधलेला बोया

विश्वंभर शेठांनी शर्यतीच्या होडीसाठी दांडगं इंजिन आणलं. होड्या बांधणारी यमुना मेस्त म्हणाली, "शेठ, इंजिन टांगायची मागची फळी आधी दुहेरी करू. ही एवढा जोर सोसायची नाही."

"वजन वाढवून मला हरवतेस? आहे तशीच बसव!" शेठ बंदरावर चारचौघांत गरजले.

यमुनेला ते झोंबलं. तिने इंजिन बसवलं आणि लांब दोरीने त्याला जाळ्याचा तरंगता बोया बांधला.

"हे काय?" शेठांनी विचारलं.

"फळीसकट इंजिन तळाला गेलं, की कुठे बुडालं ते वरून दिसायला नको?"

सारं बंदर खदखदून हसलं. शेठांनी आधी डोळे वटारले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"सोड तो बोया, यमुने," ते म्हणाले, "आणि घाल तुझी फळी!"