वेणूनं मागितलेलं रडू

डोंगराच्या पायथ्याशी, जिथं ओढा झुळझुळत वळण घेतो, तिथं रंगाऱ्यांची एक छोटीशी वाडी होती. वाडीत घरोघरी निळीचा रांजण असायचा, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला. रांजण जिवंत असतो, असं तिथली माणसं मानायची. त्याला गूळ भरवायचा, चुना द्यायचा, थंडीत गोधडी पांघरायची. आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाळायची. रांजणाजवळ रडायचं नाही, गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. नाहीतर रंग रुसतो.

त्या वाडीत वेणू नावाची एक चिमुरडी राहत होती. तिची आई सगुणा थंडीच्या तोंडाशी तापानं गेली. घर म्हणजे एकच खोली, आणि खोलीच्या मधोमध रांजण. मग रडायचं कुठं? वेणू रडली नाही. तिचे बाबा तुळशीरामही रडले नाहीत.

रांजण सांभाळायची ती आई. बाबांचं काम कापड बुडवायचं आणि वाळत घालायचं. आता दोन्ही कामं त्यांच्याच गळ्यात आली. चुना टाकलेला विसरून ते पुन्हा टाकायचे. भाकरी अर्धी सोडून उठायचे. डोळे लाल लाल, पण कोरडे. रांजण ढवळायची काठी हातातून निसटून पडायची. रांजणावरचा फेस पूर्वी मोरपिसासारखा चमकायचा, तो आता राखेसारखा करडा झाला होता. कापड बाहेर यायचं ते मळकं. लोकांनी कापड देणं बंद केलं आणि घरातली पिठाची डेचकी रिकामी झाली.

एका पहाटे वेणू ओढ्यावर पाण्याला गेली. काठावर गोकर्णाची वेल होती. तिच्या एका पानाखाली काहीतरी लुकलुकत होतं. वेणूनं हळूच पान उचललं, तर तिथं करंगळीएवढी एक परी कुडकुडत बसली होती. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे नाजूक, आणि त्यांवर दवाचे इवले इवले मोती.

परीनं सांगितलं, की तिचा झगा गोकर्णाच्या फुलाचा असतो. यंदा वेलीला फूलच आलं नाही आणि जुना झगा दवात विरून गेला.

वेणूच्या वेणीत एक निळी फीत होती. आईनं रंगवलेली, अगदी शेवटची. वेणूनं ती सोडली आणि परीच्या अंगाभोवती लपेटली.

परीनं फितीला गाल लावला. "हिला कुणाची तरी माया लागलीय. नक्की देतेस?"

"थंडी तुला वाजतेय," वेणू म्हणाली.

परीचं अंग उबदार झालं, तसे तिचे पंख आधी गुलाबी, मग सोनेरी चमकू लागले. ती वेणूच्या तळहातावर येऊन बसली आणि म्हणाली, "एक इच्छा माग. पण नीट ऐक. गेलेलं माणूस परत मागता येत नाही."

वेणूचे ओठ हलले होते. ते तिनं मिटले.

"इच्छा दुसऱ्यासाठी मागायची. आणि जे मागशील, त्याची सुरुवात तुलाच करावी लागेल."

बाबांसाठी रांजण चांगला करून मागावा, असं वेणूच्या मनात आलं. रांजण फुलला की कापड येईल, पीठ येईल. पण मग तिला बाबांचे ते कोरडे डोळे आठवले. रंग नसला तर दुसरं काही काम बघू, तिला वाटलं. बाबाच असे सुकत गेले तर?

"माझ्या बाबांना रडू येऊ दे," ती म्हणाली.

परीनं वेणूच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं.

वेणू घरी आली. बाबा रांजणाशी वाकून काठी फिरवत होते. वेणूनं कळशी खाली ठेवली आणि रांजणाच्या अगदी काठाशी जाऊन बसली. रांजण पुरता नासला तर दोष तिचाच असणार होता.

"बाबा, मला आईची आठवण येते," ती म्हणाली, आणि रडू लागली.

बाबांनी घाईघाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "इथं नको गं, पोरी. इथं नको..." पण तिच्या डोळ्यांतलं गरम पाणी त्यांच्या बोटांवरून ओघळलं. ते मटकन खाली बसले. लेकीला पोटाशी धरून ते असे रडले, की छपरावरची कबुतरं उडाली. दोघांची आसवं टपटप रांजणात पडत होती.

शेजारच्या गोदामावशी धावत आल्या. सगुणाला रांजणाचं काम त्यांनीच शिकवलेलं.

"रड, तुळशीराम," त्या म्हणाल्या. "मी कधीची भिंतीला कान लावून बसलेय. तुझ्या तोंडून हूं की चूं नाही, मग येऊ तरी कशी?"

"मला हे जमत नाही, मावशी," बाबा म्हणाले. "रांजणाचं सगळं सगुणाच बघायची."

"मग तसं सांगायचं की. मी काय उपाशी ठेवलं असतं त्याला?" मावशींनी फेसाचा वास घेतला. "चुना चुना केलायस नुसता. वेणू, माझ्याकडचा गूळ आण, बाळ."

गूळ पडला, काठी फिरली, आणि कौलांच्या फटीतून एक सोनेरी कण गिरक्या घेत खाली आला. तो रांजणाला शिवला मात्र, करड्या फेसातून निळे, जांभळे, तांबूस बुडबुडे वर आले. बाबांनी एक कापड बुडवलं. ते बाहेर आलं ते पोपटी, आणि वारा लागताच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं निळं होत गेलं. इतका गहिरा निळा रंग वाडीनं कधी पाहिला नव्हता.

"रुसला नाही की हा," मावशी पुटपुटल्या. "उगाच भीत होतो आपण."

वेणू दाराकडे पळाली. परी अंगणात उन्हाच्या एका तिरिपेत उभी होती. तिनं वेणूकडे बघून मान डोलावली, आणि तिच्याभोवतीचा उजेड वाढत वाढत गेला, इतका की वेणूला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा अंगणात नुसतं कोवळं ऊन होतं.

घरात बाबा मावशींना सांगत होते, सगुणा रांजणाला कशी दटावायची, आणि कधी कधी चुकून त्यांनाच कशी दटावायची. सांगता सांगता ते हसले. त्या दिवशी त्या घरातून सगुणाचं नाव दिवेलागणीपर्यंत ऐकू येत होतं.