मुलांआधीचा घास

मलावी देशातल्या मोठ्या सरोवराच्या काठी चिसांगा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या चर्चमागे आंब्याच्या झाडाखाली अनाथ, निराधार मुलांसाठी चूल पेटते. रांधणाऱ्या बाया चर्चच्या मंडळीतल्याच; पगार कुणालाच नाही. नवखा पाहुणा जेवणाच्या वेळी तिथे पोचला तर त्याला पाहवत नाही. पिठाचा घट्ट घाटा शिजून तयार असतो, मुले रिकामी वाडगी घेऊन बसलेली असतात, आणि बाया, पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू, चर्चमधले ज्येष्ठ अशी सगळी मोठी माणसे आधी स्वतः जेवू लागतात. काही पाहुणे रागावून उठून गेलेले आहेत. जे थांबतात त्यांना याफेत म्होने नावाचे वृद्ध गृहस्थ या रीतीची हकिगत सांगतात. आपण आजोबांकडून ऐकली तशी सांगतो, तपशिलात चूक असू शकेल, असे ते आधीच बजावतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, काठावरच्या गावांत तापाची साथ आली. घरोघरची कर्ती माणसे गेली आणि मुले मागे राहिली. त्या काळी न्याचिर्वा नावाची विधवा गावात होती. तिची लेक साथीतच गेली होती आणि वेझी ही नात तिच्यापाशी होती. आपल्या एका पोरीला घास भरवताना दाराशी उभी राहणारी दुसऱ्यांची पोरे तिला दिसत. तिने मंडळीतल्या चारचौघी जमवल्या आणि आंब्याखाली चूल मांडली. कुणी कंद आणी, कुणी लाकडे, कुणी सरोवरातली बारीक मासळी. सगळी पोरे तिला गोगो म्हणू लागली, म्हणजे आजी.

गावाला मात्र तोंड असतेच. कोंद्वानी नावाचा एक मासे वाळवणारा होता. त्याच्या मेलेल्या बहिणीचा मुलगाही याच चुलीवर जेवायचा. एकदा भर बाजारात तो म्हणाला, “काय न्याचिर्वा, पोरांची पोटं अजून खपाटीलाच, आणि तुमच्या कमरा बघा कशा भरल्यात! देवाचा चमत्कारच म्हणायचा!”

लोक हसले. न्याचिर्वेला ते फार लागले. पुढच्या उपासनेत ती उठली आणि तिने सर्वांसमक्ष शपथ घेतली, की पोरांच्या भांड्यातला कणही आम्ही बाया तोंडात घालणार नाही.

पाळक म्हणाले, “बाई, मीठ तरी चाखावं लागेल.”

“मीठसुद्धा नाही,” ती म्हणाली.

गावाने तिची वाहवा केली. कोंद्वानीही खाली मान घालून बसला, असे सांगतात.

पुढे एका वर्षी पाऊस लांबला. त्या भागात कसावा खातात. आपल्याकडे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तोच. त्याची एक जात कडू असते आणि तिच्यात विष असते. ते कंद सोलून, पार मऊ होईपर्यंत पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, मग कडकडीत वाळवून कुटावे लागतात. गोड कसावा संपला आणि कडूच तेवढा उरला. बायांनी तो ओढ्याच्या डोहात भिजत घातला. पण भुकेली माणसे रात्रीबेरात्री येऊन कंद उपसून नेऊ लागली. इकडे पोरे चुलीभोवती बसून रडत. राहिले तेही जाईल या भीतीने न्याचिर्वेने कंद वेळेआधीच बाहेर काढले. तिच्या हाताला ते टणक लागले होते. पुरते वाळायची वाट न पाहता बायांनी ते कुटले.

घाटा शिजला. तिच्या मनात काहीतरी डाचत होते. तिने पळीवरचा थोडासा घाटा बोटावर घेतला आणि ओठांपर्यंत नेला, इथपर्यंत सगळे सांगणारे एकच सांगतात. मग तिला शपथ आठवली, आणि तिने बोट पुसून टाकले.

पहिला घास घेताच वेझी म्हणाली, “गोगो, कडू लागतंय.”

“गोड कुठून आणू, बाळा? आज एवढं खा.”

पोरांनी वाडगी चाटूनपुसून खाल्ली. उन्हे कलायच्या आत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळे फिरले, पाय लटपटले. अंधार पडेपर्यंत आंब्याखाली रडण्याचा आवाजही कमी होत गेला. किती मुले गेली, याबद्दल एकमत नाही. कुणी चार म्हणतात, कुणी नऊ. मातीचे उंचवटे आता जमिनीला मिळाले आहेत, त्यामुळे मोजायलाही काही राहिलेले नाही. वेझी वाचली. कोंद्वानीचा भाचा गेला.

मुले पुरल्यानंतर पाळकांनी न्याचिर्वेला शपथेतून मोकळे करतो म्हटले. ती म्हणाली, “शपथ मी मोडेनच. वेळेवर मोडली नाही, तिचं काय करायचं, ते सांगा.”

चूल पुन्हा पेटली. या वेळी कंद पार मऊ झालेले, वाळून पांढरे पडलेले होते. पण पोरे जवळ येईनात. पोटे पाठीला लागलेली, तरी ती लांब उभी राहिली. वेझी तर आजीच्या हातचे पाणीसुद्धा घेईना. न्याचिर्वेने कुणाला बोलावले नाही. ती सगळ्यांसमोर जमिनीवर बसली, वाडगे भरून घेतले आणि खाऊ लागली. पोरे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने वेझीने लांबूनच विचारले, “गोगो, तू मेली नाहीस?”

“अजून नाही.”

“मग आम्ही थोडं थांबतो.”

तेवढ्यात कोंद्वानी आला. आता हा काय करतो, म्हणून बाया धास्तावल्या. तो न्याचिर्वेशेजारी मांडी घालून बसला आणि तिच्याच वाडग्यातून खाऊ लागला. पाळकही येऊन बसले. मग बाया बसल्या. झाडाची सावली चुलीवरून सरकून भिंतीला टेकली, तेव्हा वेझी पुढे आली. तिने आजीच्या पोटावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि मग आपले वाडगे पुढे केले.

आता त्या भांड्यात मक्याचे पीठ असते. कडू कसाव्याचे भय उरलेले नाही. एका नव्या पाळकांनी म्हणे ही रीत बंद करून मुलांना आधी वाढायला सांगितले होते. त्या दिवशी मुले वाडगी पालथी घालून बसली. आजही आंब्याखाली मोठी माणसे आधी जेवतात, आणि पाहुण्यालाही त्यांच्याच पंगतीला बसवतात. समोर बसलेली मुले त्याच्या ताटाकडे बघतसुद्धा नाहीत, ती एकटक त्याचा चेहरा पाहत असतात.