देवानंदच्या वाट्याचा टोफू

“टोफूचं मटण होते का नाई, भंतेजी? एवढंच सांगा.”

भंते शीलरक्खित विहाराच्या ओट्यावर बसून चीवराला ठिगळ लावत होते. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुई पुन्हा उजेडाकडं धरली.

“आन तुम्ही नाई म्हणसान, तरी मी काई आयकणार नाई. करूनच दाखवीन.”

“मग विचारतोस कशाला?”

देवानंद वाहाणेनं हातातला डबा ओट्यावर ठेवला आणि रुमालानं मान पुसली. ऐन जेवणाच्या वेळेला खानावळ सोडून तो सायकल मारत आला होता. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

तालुक्याच्या बसस्टँडमागं त्याची खानावळ. त्याचा मटणाचा रस्सा असा की खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तो दुसरी वाटी मागायचा. देवानंदचा हात म्हणजे हात, असं लोक म्हणत. देवानंदलाही ते पटलेलं होतं.

पण त्या घराचा एक नेम होता. आचाऱ्यानं आपलं रांधलेलं वाढण्याआधी आपण चाखायचं नाही; जेवायचं ते शेवटी. “जिभेनं चाखते तो शिकाऊ, नाकानं चाखते तो आचारी,” असं त्याचा बाप सांगायचा. मग पहिली वाटी कुणाची? तर बायकोची, रत्नमालाची. लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटे भांडं उतरलं की पहिली वाटी तिच्या हातात जायची. ती एक घोट घ्यायची आणि “हं” म्हणायची. त्या एका ‘हं’वर दिवसभराची पंगत उठायची. ‘हं’ जरा रेंगाळला की देवानंद चिमूटभर मीठ टाकायचा. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की दोघं एका ताटात जेवायची.

यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासात रत्नमालानं मटण सोडलं. भांडली नाही, उपदेश केला नाही. “तुमचा धंदा तुम्ही करा,” एवढंच म्हणाली. पण पहिली वाटी बंद झाली, आणि एका ताटाची दोन ताटं झाली. विहारातल्या बायकांकडून ती टोफू शिकून आली. सोयाबीन भिजवायची, वाटायची, दूध गाळून उकळायची, लिंबू पिळून ते फाडायची, आणि फडक्यात बांधून वरवंट्याखाली ठेवायची. पहिल्या दिवशी तिनं देवानंदच्या ताटाच्या कडेलाही एक काप ठेवला होता.

“हे आजाऱ्याचं खाणं,” म्हणून त्यानं तो बोटानं बाजूला सारला.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात जेवू लागली आणि तो बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाकावर. लेकरं बाहेरगावी, घरात माणसं दोन आणि पंगतीही दोन. देवानंद अर्धं ताट तसंच टाकून उठायचा. पण माणूस हट्टी. ती मटणाकडं येत नाही ना, मग मटणच तिच्या टोफूत नेऊन बसवतो, असं त्यानं ठरवलं.

“किती दिवस चाललंय हे?” भंतेंनी विचारलं.

“दिवाळीपासून करून पाहतो. आन मले माईत आहे तुम्ही काय म्हणसान ते. टोफूत पाणी असते, ते काढल्याबिगर मसाला आत शिरत नाई. माणसानंबी तसंच रिकामं व्हावं. हेच नं?”

“मी तर दोरा ओवत होतो.”

“तर पाणी काढलं म्या. वरवंटा ठेवला, वरून पाटा ठेवला. रिकामा झाला तो. रातभर मसाल्यात मुरवला, तळला, कोळशाचा धूर देल्ला. पाहा.”

त्यानं डब्याचं झाकण काढलं. काळपट लाल रस्सा, वर बोटभर तर्री. विहाराच्या पायरीवर झोपलेला कुत्रा उठून बसला.

देवानंदची छाती फुगली. “पाहा. कुत्राबी फसला.”

“ही लांब लांब काय आहेत?”

“शेवग्याच्या शेंगा. मटणातली हाडाची नळी म्हणून टाकल्या. चोखायले पायजे नं काईतरी.”

भंतेंनी सुई खाली ठेवली. बराच वेळ ते त्या नळ्यांकडं पाहत राहिले. हसू आलं असावं, पण ते त्यांनी ओठांबाहेर येऊ दिलं नाही.

“रत्नमालानं खाल्लं?”

“काल रात्री वाढलं. एक घास घेतला. मंग ताट सरकवलं, पाणी पेली, हात धुतला.”

“काय म्हणाली?”

“ ‘नको’ म्हणे.”

“आणखी?”

“काईच नाई... शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

वारा आला. पिंपळाची काही पानं ओट्यावर घरंगळली. भंतेंनी ती उचलून बाजूला ठेवली.

“मटणासारखं झालं होतं?”

“हुबेहूब. कोणी पैज लावावी.”

“मग देवानंद, तिनं सोडलंय काय? टोफू?”

ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत आपल्या डोक्यात कशी शिरली नाही, याचा देवानंदला राग आला. पण हार मानेल तो देवानंद कसला.

“बरं, मटण नको. दुसऱ्या रीतीनं करीन. कुस्करून भुर्जी करीन, कांदा-टमाटर घालून. कढीत सोडीन. मेथीत घालीन. वड्या तळीन, कोथिंबिरीच्या सांबार-वडीसारखा गुंडाळीन. शंभर रीती काढीन भंतेजी, एक तं लागू पडंन. तिले माझ्या ताटापाशी आणल्याबिगर मी काई सोडत नाई.”

“फसवून आणशील?”

“फसवून कायले...” त्यानं रुमाल बोटाभोवती गुंडाळला. “मले एकट्यानं जेवता येत नाई. खरं सांगतो. ताटात हात जात नाई.”

देवानंदनं डबा त्यांच्यापुढं सरकवला. “तुम्ही चाखा. काय कमी आहे ते सांगा. तुमचं तोंड काई खोटं बोलणार नाई.”

भंतेंनी अंगणातल्या ध्वजाच्या खांबाकडं बोट केलं. खांबाची सावली पूर्वेकडं झुकली होती. मध्यान्ह टळली की भिक्खू दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाला शिवत नाही, हे देवानंदला लहानपणापासून ठाऊक होतं. हट्टाच्या भरात तो ते साफ विसरला होता.

“बारानंतर मी चाखत नाही.”

“मंग कोण सांगंन?”

“तू चाख.”

“मी चाखत नाई, भंतेजी. तुम्हाले तं माईत आहे. आमचा नेम आहे तो.”

“रत्नमाला चाखायची.”

“हो.”

“ती आता चाखत नाही. मी बारानंतर चाखत नाही. तू कधीच चाखत नाहीस.” भंतेंनी डब्याकडं पाहिलं. “मग हे रांधलं कुणासाठी?”

कुत्रा एक पायरी वर आला.

देवानंदनं डब्यावर झाकण ठेवलं. मग एकाएकी म्हणाला, “ते रस्स्याचं झालं. टोफूचा काई नेम नाई. पण तो मी... खाल्लाच नाई कधी.”

“कधीच नाही?”

“वास पाहिला. वासच नाई त्याले. नाकाले काई सांगतच नाई तो.”

“ती कसा खाते?”

“तव्यावर. पातळ काप करते, हळद-मीठ लावते, दोन्हीकडून भाजते. बाजूले ज्वारीची भाकर आन हिरवी मिरची. कदी कढीत टाकते. वटाण्याच्या दिवसात वटाण्यासंगं.”

“लागतो कसा?”

“मले काय माईत.”

“शंभर रीती काढणार आहेस ना?”

देवानंदचे कान लाल झाले. आपल्या हाताखाली शिकायला आलेल्या कुणी असं उत्तर दिलं असतं, तर त्यानं त्याला भांडी घासायला बसवलं असतं.

भंते उठले. गुडघे धरत आत गेले, आणि झाकलेली एक ताटली घेऊन बाहेर आले.

“सकाळच्या दानातलं उरलंय. भिक्खूला उद्यासाठी ठेवता येत नाही. दारात जो येईल त्याला देऊन टाकायचं. आज तू आलास.”

ताटलीच्या काठावर बारीक टिंबांनी नाव कोरलेलं होतं. देवानंदनं ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. त्याच्याच लग्नात आलेली ताटली होती ती.

“रत्नमाला आलती?”

“रोज सकाळी येते.”

“मले वाटे, ती वंदनेले येते...”

“वंदनाही करते. एक वाटा ठेवून जाते. मी एकदा म्हणालो, बाई, रोज कशाला त्रास घेतेस? तर म्हणाली, त्रास नाही भंते. मी दोघांचं करते, एकाचं उरतं.”

“दोघांचं?”

“असं म्हणाली.”

“अजून दोघांचंच करते?”

भंतेंनी ताटली त्याच्या हातात दिली आणि ते पुन्हा ठिगळाकडं वळले.

ताटलीत टोफूचे काप होते, हळदीनं पिवळे, कडेनं तांबूस झालेले. गार झाले होते. देवानंदनं एक उचलला. नाकाजवळ नेला, सवयीनं. मग हात तसाच खाली आणला आणि काप तोंडात घातला.

आधी काहीच लागलं नाही. हे असंच असणार, असं त्याला वाटलं. मग मीठ लागलं. जेवढं हवं तेवढंच, ना कमी ना जास्त. आणि ते मीठ त्यानं ओळखलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी ज्याची वाहवा केली, ते हेच मीठ होतं. त्याच्या मागून हळूच दाण्याची गोडी आली, उकडलेल्या शेंगेसारखी. कड कुरकुरीत होती आणि आत मऊ.

“लसूण पायजे होता,” तो बोलून गेला.

देवानंदनं दुसरा काप घेतला. या वेळी सावकाश चावला.

“नाई,” तो म्हणाला. “नको लसूण. आहे तसा बरा आहे.”

मग तो थांबला. त्याला पहाटेची चूल दिसली. उपाशी पोटी तो जाळ रस्सा घोटणारी रत्नमाला दिसली. थंडीत, आजारपणात, पोटुशी असताना. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसून ती “हं” म्हणायची, आणि तो पळीनं भांडं ढवळायला लागायचा. तिला तो रस्सा आवडायचा की नाही, हे त्याला आज सांगता येईना. त्याला लाज वाटली, अशी की ताटली हातात जड झाली.

“भंतेजी.”

“हं?”

“एवढ्या वर्षांत मी तिले फक्त मीठ विचारलं.”

भंतेंची सुई चालत राहिली. पिंपळावर कावळा ओरडला आणि उडून गेला.

देवानंदनं ताटली पुसून खाल्ली, एक कणसुद्धा ठेवला नाही. मग आपला डबा उचलला आणि पायरीखाली दगडावर रिकामा केला. कुत्रा झेपावला. त्यानं शेवग्याची नळी दातांत धरून मोठ्या आशेनं चावली, सोडली, पुन्हा चावली. मग त्यानं देवानंदकडं असं पाहिलं की देवानंदनंच नजर वळवली.

नळावर त्यानं डबा धुतला, ताटलीही धुतली. ताटली विहाराच्या फळीवर ठेवायला निघाला आणि दारातूनच परत फिरला. रुमालात नीट गुंडाळून ती त्यानं सायकलच्या हँडलला अडकवली.

“ही मी घरी नेतो.”

“तुझीच आहे.”

देवानंदनं ओट्यापाशी येऊन वंदन केलं. उठला, पण पाय निघेना. काहीतरी करून दाखवल्याशिवाय जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. या माणसाकडून काही घेतलं आणि बदल्यात दिलं काहीच नाही, हे त्याला टोचत होतं.

“उद्या मी सोता येतो, भंतेजी. बाराच्या आत. ठरलं म्हणजे ठरलं. तुमच्या भिक्षापात्रासाठी काय आणू? सांगान ते रांधतो.”

भंतेंनी ठिगळाला शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा तोडला.

“उद्या माझ्या पात्रात तुझ्या वाट्याचा टोफू आलाच नाही,” ते म्हणाले, “तर मी पोटभर जेवलो असं समजेन.”