सगूनं मागितलेली जखम

डोंगरापलीकडे संत्र्यांची एक बाग होती. आत हिरवंगार गवत नि सोनेरी फळं, आणि बाहेर नुसती करपलेली माती. सगू आणि तिच्या आईला ना घर, ना शेत. होत्या त्या मेंढ्या, त्यांची इवली कोकरं आणि टिपक्या नावाचं करडू. बागेचे मालक दाजीबा तोंडाचे तिखट, पण त्यांनी कळपाला आत घेतलं होतं. मेंढ्यांनी झाडांखालचं गवत खायचं आणि लेंड्यांचं खत झाडांना द्यायचं. अट एकच. "एका जरी झाडाची साल गेली, तर कळप बागेबाहेर!"

बाहेर कोकरं जगलीच नसती. म्हणून सगू टिपक्याच्या तोंडाला दोरीचं मुसकं बांधायची. करडू म्हणजे काय, चार पायांवरचं पोटच की!

एका दुपारी टिपक्या तहानेनं कळवळून ओरडू लागला. सगूला राहवेना. तिनं मुसकं सोडलं, पाणी पाजलं आणि मुसकं परत न बांधताच ती एका कोकराच्या पायातला काटा काढायला वळली. परत पाहते तो काय! टिपक्यानं एका चिमुकल्या झाडाची साल चहूबाजूंनी कुरतडली होती. सगू झाडाकडे धावली.

"आई गं!" झाडातून नाजूक आवाज आला. पानांआडून बोटाएवढी परी उतरली. तिचे पंख चंदेरी होते आणि कमरेभोवती लालबुंद जखम होती.

"हे झाड म्हणजे मीच," ती म्हणाली. "मला पाहील त्याला मी एक वर देते. पण मागायचं ते फक्त स्वतःसाठी हं! दुसऱ्यासाठी मागितलंस, तर वर वाया जाईल. लवकर माग, माझे पंख विझत चाललेत."

दुरून दाजीबांच्या काठीची टकटक ऐकू आली. सगूच्या डोळ्यांपुढे आलं स्वतःचं घर, हिरवं कुरण, आईसाठी उबदार घोंगडी. एक शब्द बोलला, की दाजीबांची भीतीच नको! पण पंखांवरची चमक मालवत होती. 'परी बरी होऊ दे' म्हणावं, तर ते दुसऱ्यासाठी. टकटक अगदी जवळ आली.

"परीताई, तुझी जखम मला दे!" सगू घाईघाईनं म्हणाली. "मला हवी. माझ्यासाठीच!"

परीचे डोळे भरून आले, पण सगूनं स्वतःसाठीच मागितलं होतं. सगूच्या मनगटाची आग आग झाली आणि झाडाची साल सरसर भरून आली.

"काय झालं गं पोरी?" दाजीबा समोर उभे. झाड तर धडधाकट होतं. गप्प बसली असती, तर कुणाला कळलं असतं? पण सगूला खोटं जमेना.

"आबा, म्याच टिपक्याचं मुसकं सोडलं. त्यानं झाडाची साल खाल्ली. मंग म्या परीची जखम मागून घेतली." बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

दाजीबांनी तिचं मनगट पाहिलं. त्यावर करडाच्या बारीक दातांच्या खुणा होत्या. त्यांनी त्या खुणांवरून हळूच अंगठा फिरवला. सगूनं कोकरू घट्ट उराशी धरलं.

"कुठं जायचं न्हाई," दाजीबा म्हणाले. "आईला घिऊन ये. आजपास्नं बागंतच ऱ्हावा. झाडं लावता येत्यात गं, असं पोर कुठनं आणू?"

तेवढ्यात झाड झगमगलं. परी सगूच्या मनगटावर अलगद बसली आणि जखम फुलाच्या वासासारखी उडून गेली.

"पण परीताई, माझा वर तर संपला होता!" सगू म्हणाली.

"नियम मागणाऱ्याला असतो, वेडे," परी हसली. "देणाऱ्याला कसला नियम?"

आणि त्या सोनेरी उजेडात ती दिसेनाशी झाली.